चढता येईल असं झाड

"गेंडा अंगावर धावून आला तर झाडावर चढायचं," पुढचा गाईड म्हणाला आणि त्यानं आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. भाच्याकडे पाहून त्याचं समाधान झालं. भाचेसुनेकडे पाहूनही झालं. माझ्याकडे पाहिल्यावर मात्र तो जरा थांबला आणि म्हणाला, "नाहीतर जाड बुंध्याआड उभं राहायचं, दिदी. तेही चालतं."

मी सत्तावन्न वर्षांची आहे. उजवा गुडघा गेली सहा वर्षं कुरकुरतो; जिना चढताना नाही, उतरताना. झाडावर शेवटची कधी चढले ते आठवत नाही. चिंचेचं झाड होतं आणि मला खाली उतरवायला वडिलांना यावं लागलं होतं, एवढं आठवतं. म्हणजे चढणं एक वेळ जमेल, उतरायचं काय, हा माझा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

हे बोलणं चाललं होतं नेपाळात, चितवनच्या जंगलाला लागून असलेल्या सौराहा गावात, राप्ती नदीच्या घाटावर. फेब्रुवारी महिना, सकाळचे सात, आणि धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसतच नव्हता. सात म्हणजे त्यांचे सात. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं असतं आणि मी मनगटावरचं घड्याळ काही बदललं नव्हतं. त्यामुळे मी मोठ्या ऐटीत पाच मिनिटं आधी पोचले, तेव्हा सगळे दहा मिनिटं माझी वाट बघत उभे होते. तीस वर्षं बँकेत कॅशच्या खिडकीमागं बसलेल्या बाईला उशीर व्हावा, याची मला त्या घडीला गेंड्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

चितवनमध्ये पायी जायचं तर गाईडशिवाय जाता येत नाही, आणि एका गटाबरोबर गाईड दोन लागतात. एक पुढं, एक मागं. दोघांच्या हातात काठी. बाकी काही नाही. "फक्त काठीच?" असं भाच्यानं विचारलंच. "काठी तुम्हाला धीर यावा म्हणून," पुढचा म्हणाला. हसला नाही.

मग नियम. गेंड्याची नजर अधू, पण नाक आणि कान तिखट. झाड मिळालं नाही तर नागमोडी पळायचं आणि हातातली पिशवी, टोपी, असेल ते टाकून द्यायचं. तो वासापाशी घुटमळतो. अस्वल आलं तर अजिबात पळायचं नाही, सगळ्यांनी एकमेकांना चिकटून उभं राहायचं आणि काठ्या आपटून, ओरडून गोंगाट करायचा. वाघ समोर आला तर नजर काढायची नाही, पाठ दाखवायची नाही, एकेक पाऊल मागं घ्यायचं.

"आणि हत्ती?" भाचेसून.

"पळायचं."

"कुठं?"

"मी पळतो तिकडं."

मी मनातल्या मनात पाठ करायला लागले. गेंडा-झाड, अस्वल-घोळका, वाघ-नजर, हत्ती-पळ. गेंडा-झाड, अस्वल-घोळका. शाळेत सनावळी पाठ करायचे तशी. आणि शाळेत व्हायचं तसंच झालं, होडीत बसेपर्यंत सगळं एकमेकांत मिसळलं. अस्वल दिसल्यावर मी झाडावर चढणार आणि अस्वल माझ्यामागून, माझ्यापेक्षा सुबक पद्धतीनं चढणार, हे चित्र काही केल्या डोक्यातून जाईना.

माझी ओढणी केशरी होती. ती पुढच्या गाईडनं घडी करून पिशवीत ठेवायला लावली. जंगलात शोभेल असा रंग नाही, म्हणाला.

आता मागच्या माणसाबद्दल सांगते, कारण खरं तर मी हे सगळं त्याच्यासाठी लिहायला बसले आहे. वय चोवीस-पंचवीस. तिथलाच, थारू या तिथल्या मूळ जमातीच्या घरातला. पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्याला माकडटोपी. पुढचा गाईड हिंदी, इंग्रजी, शिवाय थोडी जर्मन बोलायचा आणि पक्ष्यांची लॅटिन नावं सांगायचा. हा काहीच बोलायचा नाही. पण घाटावर आम्ही उभे असताना त्यानं आम्हाला मोजलं. तिघांनाच. तेही ओठ हलवून. मी ते लगेच ओळखलं. नोटा मोजताना आमचे ओठ असेच हलायचे, आणि ज्याचे ओठ हलतात त्याची बेरीज चुकत नाही असं आमचे जुने हेडकॅशियर म्हणायचे. दिवसभरात त्यानं आम्हाला कितीदा मोजलं असेल कोण जाणे. तीनच तर होतो.

होडी म्हणजे सावरीचं एक अख्खं खोड पोखरून केलेला लांबुळका डोण. आत इवलेसे पाट. बसलं की पाणी कमरेच्या पातळीला येतं आणि काठ बोटभर वर राहतो, त्यामुळे शिंक आली तरी आधी विचार करावासा वाटतो. धुक्यातून एकदम समोर चक्रवाकांची जोडी यायची, ओरडून उठायची आणि परत धुक्यात जायची. एका वाळूच्या पट्ट्यावर मगर होती. तिच्यापुढं थोड्या अंतरावर सुसर, लांब चिमट्यासारख्या तोंडाची. सुसरी इथल्या नद्यांमधून जवळपास संपत आल्या होत्या. १९७८ सालापासून कसरा इथल्या केंद्रात त्यांची अंडी उबवून, पिल्लं वाढवून नदीत सोडतात, असं पुढच्यानं सांगितलं. सुसर मासे खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. मगरीबद्दल त्यानं असं काहीच म्हटलं नाही. मी हात आत घेतला.

पलीकडे उतरलो आणि होडी गेली. ती गेल्यावर जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बँकेची तिजोरी बंद होताना आपण चुकून आतच राहिलो तर, असं पूर्वी कधीतरी मनात यायचं. साधारण तसं, फक्त इथं वर आभाळ होतं.

सालाच्या झाडांखालून वाट निघाली. उंच, सरळ, राखाडी बुंधे. पाऊस नव्हता, तरी वरून टपटप चालली होती. धुकं पानांवर साचून थेंब पडत होते आणि खालच्या वाळक्या पानांवर त्यांचा आवाज इतका व्हायचा की सुरुवातीला मी दर चार पावलांना मागं वळून बघत होते. मागं तो असायचा. काठी खांद्यावर, नजर माझ्यावर नाही, माझ्या आजूबाजूला.

क्रम असा: पुढचा गाईड, भाचा, भाचेसून, मी, मागचा. पायी सफारीत सगळ्यात जास्त काय दिसतं म्हणाल तर पुढच्याच्या टाचा. भाचेसुनेच्या बुटांच्या टाचांना हिरवी पट्टी होती. डाव्या पट्टीचा टाका उसवलेला. तो टाका मी जन्मात विसरणार नाही.

पहिल्या तासाभरातली गोष्ट. आम्ही एका वळणावर थांबलो होतो. मागच्यानं माझ्या कोपराला काठीचं टोक हलकेच लावलं, डावीकडं बोट केलं आणि म्हणाला, "रूख."

रूख म्हणजे झाड. आपल्याही जुन्या ओव्यांमधून हा शब्द येतो, त्यामुळे कळायला अडचण नव्हती. मला वाटलं, झाडांची ओळख करून देतोय. मी विद्यार्थिनीसारखं विचारलं, "साल?" त्यानं मान हलवली. नाही. पुन्हा बोट केलं. "त्यो रूख." मी ते झाड नीट पाहिलं. वाकडं, बुटकं, कमरेइतक्या उंचीवर दोन फांद्या फुटलेलं. विशेष काही दिसलं नाही. मान डोलावली आणि पुढं निघाले.

दहा मिनिटांनी पुन्हा कोपराला काठी. "रूख." यावेळी उजवीकडं. पुन्हा वाकडं, पुन्हा खालपासून फांद्या.

तिसऱ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला. हा मला झाडांची नावं शिकवत नव्हता. प्रत्येक टप्प्यावर आसपास मला, फक्त मला, चढता येईल असं झाड हेरून ठेवत होता. भाच्यासाठी नाही, भाचेसुनेसाठी नाही. त्यांना कुठलंही चाललं असतं. घाटावर पुढच्या गाईडनं माझ्याकडे बघून वाक्य बदललं ते यानं ऐकलं होतं, आणि जाड बुंध्याआड उभं राहायचा पर्याय याला पसंत पडला नसावा.

हे कळल्यावर मला आधी हसू आलं. मग जरा बरं वाटलं. मग, खोटं कशाला सांगू, थोडा रागही आला.

पुढचा गाईड मात्र रंगात आला होता. आणि तो खरंच जाणता माणूस होता, हे कबूल करायला हवं. वारुळाला हातभर खोल भोक दाखवून म्हणाला, हे अस्वलाचं काम, रात्रीचं. नाक खुपसून वाळवी अक्षरशः ओढून घेतं. सावरीच्या एका बुंध्यावर माझ्या डोक्याच्याही वर उभे ओरखडे होते, चीक वाळून काळे झालेले. वाघाचे. आणि मग त्यानं वाटेकडेच्या एका झुडपाचं पान उलटं केलं आणि म्हणाला, "हुंगा."

मी हुंगलं. आंबेमोहोर शिजतोय, अगदी तसा वास. मला वाटलं थट्टा करतोय. पण वाघ आपल्या हद्दीची खूण करायला जो फवारा मारतो, त्यात तोच घटक असतो ज्यानं बासमतीला तिचा वास येतो. भाचा म्हणाला, "मावशी, तू वाघाच्या मुतावर खूष झालीस." झाले. सहा फुटी जनावराचा वास स्वयंपाकघरासारखा असावा याचं मला फार नवल वाटलं, आणि वास ताजा होता हे पुढचं वाक्य त्यानं सांगितल्यावर नवल आवरतं घेतलं.

वाघ दिसला नाही. हे इथंच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत त्याची वाट बघणार नाही. परत आल्यापासून भेटेल तो पहिलं तेच विचारतो, आणि नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा असा होतो की जणू मीच त्याचे पैसे बुडवले.

गेंड्याच्या शेणाचे ढीग मात्र जागोजाग. गेंडे ठरलेल्या जागी शेण टाकतात आणि एकाच ढिगावर परिसरातले कितीतरी गेंडे येऊन जातात. कोण आलं, कोण गेलं, माजावर कोण आहे, सगळी बातमी त्या वासात. थोडक्यात, मस्टर. एका ढिगातून थंडीत वाफ निघत होती. पुढच्यानं तळवा वर धरला आणि आम्ही थांबलो. पाच मिनिटं. काहीच झालं नाही. एक रानकोंबडा ओरडला, थेट खुराड्यातल्यासारखा, त्यामुळे भीती जरा उतरली.

त्या पाच मिनिटांत मी माझा आवडता हिशेब केला. आदल्या संध्याकाळी नदीकाठी पुढच्या गाईडनं आकडे सांगितले होते आणि आकडा ऐकला की तो माझ्या डोक्यात खात्यात जमा होतो. १९५० च्या सुमाराला चितवनच्या खोऱ्यात साधारण ८०० गेंडे होते. तोवर या तराईत मलेरिया असा की थारूंखेरीज कुणी टिकत नसे. मग डीडीटी फवारून मलेरिया हटवला, डोंगरावरची माणसं खाली उतरली, जंगल तोडून शेती झाली, शिकार झाली, आणि १९६० च्या दशकाअखेर गेंडे उरले शंभराच्या आसपास. १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, नेपाळातलं पहिलं. पुढं सैन्य आलं, चौक्या बसल्या. २०२१ च्या गणनेत एकट्या चितवनमध्ये ६९४. पासबुकावर अशी नोंद मी नोकरीत क्वचितच पाहिली. इतकं खालावलेलं खातं सहसा बंदच होतं.

आणि त्याआधीचा एक खर्च: १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबार आटोपून पंचम जॉर्ज राजा नेपाळच्या तराईत शिकारीला आला, आणि दीड आठवड्यात त्याच्या लवाजम्यानं ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. हत्तींचं कडं करून, मध्ये सापडेल ते. त्यांना कुणी "रूख" म्हणून दाखवायची गरज नव्हती.

दुपारी एका उघड्या जागी डबे सोडले. हिवाळ्यात ठराविक दिवस गावकऱ्यांना आत येऊन छपरासाठी गवत कापू देतात, मग उरलेलं जाळतात. त्यामुळे जमीन काळी आणि तिच्यातून हिरवे कोंब, लांबून मखमलीसारखे. पलीकडे मात्र न कापलेलं गवत उभं होतं, दोन मजली. हो, दोन मजली. हत्ती त्यात उभा राहिला तर दिसणार नाही. भाच्याचा डोळा सकाळपासून त्या गवतावर होता. त्याला तिथं आत शिरायचं होतं.

मागचा माझ्यापासून थोडा दूर उकिडवा बसून जेवत होता. मी त्याला हिंदीत विचारलं, घर कुठं? त्यानं नदीच्या दिशेला हात केला. आणि मग, सकाळपासूनचं पहिलं लांब वाक्य बोलला. त्याच्या आईचं माहेर पदमपूरला होतं. पदमपूर उद्यानात होतं. गेंडे पिकं खायचे, पुराचं पाणी घरात यायचं. मग सरकारनं सगळं गाव उठवून बाहेर नवीन जागा दिली. आता तिथं गवत आहे. आई अजून पावसाळ्यात म्हणते, आपल्या आंब्याला यंदा कोण राखत असेल?

मी म्हटलं, कोण राखतं?

"भालू," तो म्हणाला. अस्वल. आणि हसला. तेव्हा कळलं की याला हसता येतं.

दोनच्या सुमाराला आम्ही एका तळ्यापाशी आलो. नदीनं पात्र बदलल्यावर मागं राहिलेलं, चंद्रकोरीसारखं तळं. पुढचा खाली वाकला आणि आम्ही सगळे वाकलो. चाळीसेक पावलांवर, पाण्यात, गेंडा होता. फक्त पाठ आणि डोकं. आधी तो मला दगडच वाटला. मग दगडाचा कान फिरला. कान असा फिरतो, एक इकडे, एक तिकडे, दोघांचा एकमेकांशी संबंध नसल्यासारखा. त्वचेला घड्या, घड्यांच्या कडा गुलाबी. पाठीवर एक साळुंकी. तो उच्छ्वास सोडायचा तेव्हा पाणी थरथरायचं. भाचा फोन धरून, भाचेसून तोंडावर हात धरून, पुढचा गाईड दुर्बीण धरून, सगळे पुढं बघत होते. मीही.

कोपराला काठी लागली. पण या वेळी हलकेच नाही.

"रूख. आमा, रूख."

सकाळपासून मी दिदी होते. त्या क्षणी मी आमा झाले, म्हणजे आई, आणि ते मला झाडावर पोचल्यावर लक्षात आलं. आधी फक्त त्याचा आवाज कळला. तो पुढं बघतच नव्हता. आमच्या पाठीमागं, उजव्या हाताला, त्या दोन मजली गवताकडं बघत होता. गवताचे शेंडे हलत होते. वारा नव्हता.

मी पळाले का? नाही. मी चालले, भराभर, तीन-चार पावलं, झाड तिथंच होतं. तळ्यापाशी थांबायच्या आधीच त्यानं ते मला दाखवून ठेवलं होतं आणि मी सवयीनं मान डोलावली होती. त्यानं काठी टाकली, दोन्ही हातांची बोटं गुंफली, मी डावा पाय त्यात दिला, आणि माझं सगळं वजन, जे मी इथं लिहिणार नाही, त्यानं एका झटक्यात वर सारलं. फांदी मिळाली. दुसरी मिळाली. मी त्या झाडाला अशी मिठी मारली की लग्नानंतर तशी कुणाला मारली नसेल.

गवतातून आधी आवाज आला. घोड्याचं फुरफुरणं आणि ट्रकचा एअरब्रेक यांच्या मधला. मग पिल्लू बाहेर आलं, डुकराएवढं, शिंग नसलेलं, पाय आपटत, उत्साही. त्याच्यामागं आई.

पिल्लाची आई म्हणजे सगळ्यात वाईट भेट, हे सकाळी सांगायचं पुढचा गाईड विसरला होता किंवा मुद्दामच बोलला नव्हता. हा एकशिंगी गेंडा मारतो तो शिंगानं नाही, खालच्या जबड्यातल्या सुळ्यासारख्या दातांनी, हेही त्यानं नंतर सांगितलं, आणि नंतर सांगितलं याबद्दल मी त्याची आभारी आहे.

ती थांबली. पंधरा पावलं. मी मोजली नाहीत त्या वेळी; उतरल्यावर मोजली. डोकं वर करून तिनं हवा ओढली. पुढचा गाईड, भाचा आणि भाचेसून सावरीच्या एका प्रचंड बुंध्याआड, एकात एक चमचे ठेवावेत तसे उभे. मागचा माझ्या झाडाच्या बुंध्याआड, काठी परत हातात. त्याचा एक हात माझ्या बुटाच्या टाचेवर होता. धरलेला नाही, नुसता ठेवलेला. मी खाली पाहिलं तर त्याचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन.

तळ्यातल्या गेंड्यानं काहीतरी आवाज केला. आईचे कान तिकडं फिरले. तिला आमच्यापेक्षा त्याच्याशी जुना हिशेब असावा, कारण ती सरळ त्याच्याकडं वळली आणि काठानं चालायला लागली, पिल्लू तिच्या पुढं. तिच्या पावलांचा आवाज झाला नाही. दोन टनांचं जनावर आणि वाळक्या पानांवरून जाताना आवाज नाही. मला सकाळच्या थेंबांचा झाला होता त्याच्या निम्माही नाही.

भाच्याच्या फोनमधल्या दोन मिनिटांच्या चित्रफितीत त्याचे स्वतःचे बूट आहेत आणि कुणाचा तरी श्वास आहे. तो म्हणतो बायकोचा. ती म्हणते त्याचा.

उतरणं हा अपेक्षेप्रमाणे वेगळाच कार्यक्रम झाला. वीस मिनिटं. गुडघा वाकेना, खाली बघवेना. पुढच्या गाईडनं खालून सूचना दिल्या, भाच्यानं सूचनांवर सूचना दिल्या, भाचेसून हसू दाबत होती आणि ते मला वरून स्पष्ट दिसत होतं. शेवटी मागच्यानं आपली काठी बुंध्याला तिरकी टेकवून पायरी केली आणि माझा पाय हातानं धरून तिच्यावर ठेवला. माझे डोळे मिटलेले.

खाली आल्यावर पुढच्यानं झाडाला थोपटलं. "भेल्लर," म्हणाला. भेल्लरची कडक फळं पावसाळ्यात खाली पडतात. गेंडे ती गिळतात, आणि बिया शेणावाटे त्या ढिगांवर, उघड्यावर, उन्हात येऊन रुजतात. त्यानं बुटानं बुंध्याजवळची माती उकरून दाखवली. काळी, भुसभुशीत, जुन्या ढिगाची. म्हणजे मला वाचवणारं झाड गेंड्यानंच लावलेलं. भाचा म्हणाला, "मावशी, मग आभार कुणाचे मानायचे?" मी मागच्याकडे पाहिलं. तो काठीला लागलेली साल खरवडत होता.

परतीची वाट लांब होती आणि माझ्याकडं सांगण्यासारखं तिच्यात फारसं नाही. गुडघा दुखत होता. सूर्य बुडायच्या आत बाहेर पडायचं असतं, त्यामुळे पुढचा घाई करत होता. एका सैन्याच्या चौकीपाशी दोन जवान व्हॉलीबॉलचं नेट बांधत होते. नदी तांबडी झाली होती.

होडीची वाट बघताना मी मागच्याशेजारी वाळूवर बसले. सकाळपासून मनात असलेला प्रश्न विचारला. "मी नसते, तर आज कुठल्या वाटेनं गेलो असतो?"

त्यानं लगेच हात केला. त्या उंच गवताच्या दिशेनं. तिथं आत पाऊलवाट आहे, पलीकडं दुसरं तळं आहे, जनावरं जास्त. पण आत झाड नाही. एकही नाही.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वाट विचारल्यावर सांगावी तशी सांगितली. मला मात्र ते लागलं. दिवसभर मी समजत होते की माझ्यासाठी झाडं शोधतोय. खरं तर तो माझ्यासाठी अख्खा रस्ता वाकवत होता, आणि पुढचा गाईडही त्यात सामील होता. पुढचा दर वळणावर मागं बघायचा आणि मागचा मान हलवायचा, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, सगळे आहेत ना एवढंच विचारतोय. भाच्याला ज्या गवतात शिरायचं होतं ते माझ्या गुडघ्यामुळं राहिलं. त्याला मी हे सांगितलं नाही. आता वाचतोच आहेस तर वाच. पुढच्या वेळी तुम्ही दोघं जा. मी होडीपर्यंत येईन.

उठताना मी त्याला पैसे देऊ केले. त्यानं दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि न मोजता खिशात टाकले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "मोजून घे." त्यानं मान हलवली. मी म्हटलं, "मी बँकेत होते. मोजून घ्यायचे असतात." मग त्यानं बाहेर काढून मोजले. ओठ हलवून.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं सरहद्दीकडं निघालो. खिडकीजवळची जागा मला दिली होती. धुकं होतंच. रस्त्याकडेनं झाडं मागं पळत होती. निलगिरी, सरळसोट, नाही. साल, नाही. आंबा, हा जमेल. पिंपळ, हात लावायचा नाही. विजेचा खांब. शेवगा, फांदी मोडेल. पुन्हा आंबा.

"मावशी, काय पुटपुटतेस?" भाच्यानं विचारलं.

"झोप तू," मी म्हटलं.